कापड अजून कापायचं नाही

आमच्या घरात सूट वयावर मिळत नाही, उंचीवर मिळतो, आणि तोही उंची संपल्यावर. बाबा शिंपी, त्यांचे वडीलही शिंपी. घराण्याचा नियम असा की पोराची वाढ थांबल्याची खात्री झाल्याशिवाय त्याच्या पहिल्या सुटाचं कापड कापायचं नाही. शर्ट-पँटचं काय, दुमड उसवली की लांब होतात. सूट मात्र एकदाच शिवायचा आणि जन्मभर घालायचा.

ऐकायला किती छान! माझ्या भावाला मात्र ही शिक्षा वाटायची. कापडाला कात्री लागली म्हणजे बाबांनी निकाल दिला, हा एवढाच राहणार. आणि 'एवढाच' म्हणजे खरोखरच एवढासा. मी त्याला टिंगू म्हणते. वर्गातल्या पोरांना मिशा फुटून जुन्या झाल्या, तेव्हा कुठे याचा आवाज फुटला. मी त्याच्यापेक्षा उंच आहे आणि ही गोष्ट मी कुणालाही विसरू देत नाही.

गेल्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि बाबांनी निळं लोकरी कापड टेबलावर पसरलं. टिंगूला भिंतीशी उभं करून टेप लावला. पाच फूट चार.

"गेल्या खेपेलाही एवढाच होतास. तसूभर हलला नाहीस," बाबा म्हणाले. "झाली तुझी वाढ. उद्या कापतो."

"बाबा, मी सतरा वर्षांचाही नाही अजून!"

"मी पंधराव्या वर्षीच थांबलो होतो."

दुसऱ्या दिवशी कात्री गायब. बाबांची ती मोठी, लोखंडी, अर्धा किलोची कात्री. दुकान उलटंपालटं केलं. बाबांचा राग नाकावर असतोच, त्या दिवशी तो डोक्यावर चढला. शेवटी चिंध्यांच्या पोत्यात कात्री सापडली आणि पोत्याशेजारी टिंगू असा बसला होता की लहान मूलसुद्धा ओळखेल चोर कोण ते.

"आता लपवून दाखव," म्हणत बाबांनी टेपच्या टोकाच्या भोकात दोरी ओवली, दोरीला कात्री बांधली आणि टेप गळ्यात घातला. तेव्हापासून कात्री दिवसभर त्यांच्या पोटावर घड्याळाच्या लंबकासारखी डुलायची. गिऱ्हाइकं एक पाऊल लांब उभी राहू लागली.

तोडगा आईनं काढला. "अहो, लग्नाला वर्ष आहे. दर महिन्याला मापा त्याला. वाढला तर थांबा, नाही वाढला तर खुशाल कापा."

झालं! टिंगूनं वाढायचा कारखानाच उघडला. दूध तर तो असं प्यायचा की चहाला उरेना. झोपताना सरळसोट, हात वर करून. रात्री पाणी प्यायला उठावं तर अंधारात त्याच्या हातांवर आपटायचं. समोरच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं, लोंबकळ. मग हा ट्रायल रूमच्या चौकटीला लोंबकळू लागला. एकदा एक बाई पडदा सरकवून आत गेल्या आणि किंचाळत बाहेर आल्या. मीही मदत केली, नाही असं नाही. तो लोंबकळला की मी खालून पाय ओढायचे. बहिणीचं कर्तव्य!

आणि दर महिन्याला टेप सांगायचा, पाच फूट चार.

टिंगूचं तोंड एवढंसं व्हायचं. मी चिडवायचे खरी, पण हळूहळू चिडवायला मजा येईना. एका संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, मला खूप उंच नाही व्हायचंय गं. फक्त संपलो नाही एवढं कळायला हवंय." मी त्याला टपली मारली आणि उगाच मशीनमध्ये दोरा ओवत बसले.

मजा म्हणजे त्याच्या पँटी वर चालल्या होत्या. आधी मोजे दिसले, मग मोज्यांच्या वरचे पायही.

"कापड आटलंय," बाबा म्हणाले. "तू गरम पाण्यात बुडवतेस."

आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "पंचवीस वर्षं तुमचे कपडे धुतेय. तुमचे नाही आटले कधी!"

"माझा टेप खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलते?"

तीन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. चौथ्या दिवशी आईनं टिंगूचं मनगट धरलं आणि डॉक्टरीणबाईंकडे निघाली. लग्न महिन्यावर आलं होतं. बाबा "चला, मीही बघतो" म्हणत मागे, आणि मी अर्थातच तमाशा बघायला.

डॉक्टरीणबाईंनी हाताचा एक्स-रे काढायला लावला. तो दिव्यासमोर धरून त्यांनी हाडांच्या टोकांजवळच्या बारीक फटी दाखवल्या. "या बुजल्या की वाढ थांबते. याच्या अजून पुरत्या बुजलेल्या नाहीत. काही मुलं उशिरा वयात येतात, त्यांची उंची अठरा-एकोणीसपर्यंत थोडी थोडी वाढत राहते. किती, ते मात्र मी सांगणार नाही. आणि लोंबकळून काही होत नाही."

मग त्यांनी टिंगूला भिंतीवरच्या पट्टीशी उभं केलं. "पाच फूट सव्वापाच इंच."

"तुमची पट्टी चुकलीय," बाबा तडक म्हणाले.

"मग तुमच्या टेपनं मोजा ना."

बाबांनी कात्री सोडवून खिशात घातली आणि टेप पट्टीशेजारी धरला. टेपवरचे छत्तीस इंच भिंतीवरच्या छत्तिसाच्याही वर गेले, चांगले पाऊण इंच. बाबांनी परत लावला. परत तेच. त्यांनी टेपकडे पाहिलं, खिशातून डोकावणाऱ्या कात्रीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. वर्षभर अर्धा किलो लोखंड लटकवलं तर जुना कापडी टेप दुसरं काय करणार?

"म्हणजे," आई सावकाश म्हणाली, "पोरगं वाढत होतं आणि त्याच्या जोडीनं टेपही वाढत होता."

आधी डॉक्टरीणबाई हसल्या. मग मी. मग बाहेर बसलेले पेशंट, ज्यांना काही कळलंही नव्हतं. कात्री लपवून टिंगूनं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि तो वर्षभर कुणालाच दिसला नव्हता. कपडे तर सगळ्यांचे नीटच बसत होते. ज्या टेपनं अंग मोजायचं त्याच टेपनं कापड, मग तक्रार येणार कुठून?

टिंगूला मात्र आकाश ठेंगणं झालं. त्यानं डॉक्टरीणबाईंचे हात धरून हलवले, आईला उचललं, कंपाउंडरलाही उचलायला गेला. घरी येताना रस्त्यातल्या प्रत्येक दुकानाच्या पाटीला उडी मारून हात लावला. आईनं वाटेत फक्त एकदाच म्हटलं, "गरम पाणी, म्हणे!" बाबांनी पाटी वाचल्याचं नाटक केलं.

दुकानात आल्यावर बाबांनी नवा टेप उघडला आणि टिंगूला पुन्हा मापलं. पाच-सव्वापाच. निळ्या कापडाची घडी घातली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. "एवढ्यात नाही. अजून वाढतोयस तू."

टिंगूच्या डोळ्यांत आनंदानं पाणीच आलं.

"आता मला लाव," बाबा एकदम म्हणाले. "माझ्या लग्नात मी पाच फूट सहा होतो. बघू दे हा नवा काय म्हणतो."

उभ्या जन्मात बाबांना कुणी मापलेलं मी पाहिलं नव्हतं. इतरांना उभं करतात तसेच ते भिंतीशी उभे राहिले, टाचा चिकटवून, हनुवटी सरळ. टिंगूनं खाली वाकून टेपचं टोक त्यांच्या टाचेखाली दाबलं आणि टेप वर नेला. त्याच्या खांद्यावरून मला आकडा स्पष्ट दिसला. पाच फूट पाच. तोही जेमतेम.

वर्षभर ज्याच्यासाठी दूध ढोसलं ते त्याच्या बोटाखाली होतं. तो बाबांपेक्षा उंच झाला होता. आता हा दुकान डोक्यावर घेणार, म्हणून मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होते.

"पाच फूट सहा," टिंगू म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, बाबा."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वेळी मी तोंड मिटून बसले.

बाबा खूश झाले. त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला मोठ्या आरशासमोर घेऊन गेले. "बघ, अजून पाऊण इंच मागे आहेस माझ्या. ये गाठायला!"

"येतो की," टिंगू म्हणाला, आणि गुडघे जरासे वाकवून त्यांच्या शेजारी उभा राहिला.