दगडी जाळीआडची साक्ष

"काही पाहिलं नाही म्हणते, साहेब."

कोर्टातल्या शिपायाचा तो खणखणीत आवाज सासूबाईंच्या कानातून आयुष्यभर गेला नव्हता. तेव्हा त्या लहान होत्या. दगडी जाळीआडून त्यांची आई पुटपुटली होती, "पाहिलं, पण कसं सांगू?" शिपायानं घाईघाईत त्याचं भलतंच करून टाकलं.

आज त्याच जाळीआड त्या स्वतः बसल्या होत्या. बाहेर काळ्या दगडाचं दालन, छत इतकं उंच की न्यायाधीशांचा खोकलाही दारापर्यंत घुमावा. जाळीआडची खोली मात्र बुटकी. बोललेला शब्द तिथल्या तिथं विरायचा. बायकांच्या अब्रूसाठी ती बांधली म्हणे. कायद्यानं ती पद्धत केव्हाच मोडली, पण सवय उरली. साक्षीला आलेल्या बायका आपसूक तिकडं वळत आणि आतलं उत्तर शिपाई बाहेर सांगे.

जाळीतून सून दिसत होती, हात गळ्यात बांधलेला. जिन्यावरून पडली, असं मुलाचं म्हणणं. सकाळी निघताना त्यानं एवढंच विचारलं होतं, "आई, म्हातारपणी राहणार कुठं?"

"घाम पूस आधी," शेजारी बसलेल्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्हाला बोलायला काय जातंय? पोर माझं आहे."

"आणि सून काय रस्त्यावर सापडली? अब्रूसाठी जाळी म्हणतात. आजवर ह्या जाळीनं अब्रू राखली ती मारणाऱ्यांची. तुझी आई इथंच गप्प झाली. आता तूही हो. चालू दे परंपरा."

घाव वर्मी बसला.

शिपाई जाळीशी वाकला. "बोला आजी, काही पाहिलंत? नाहीच ना?"

"बाजूला हो बाबा. माझं मी सांगते."

त्या उठून भर दालनात आल्या. मुलानं मान वर केली आणि नजरेनंच दटावलं.

वाचकहो, भिंत दगडाची असो की लाजेची, आपण तिच्याआड जाऊन बसतो म्हणून ती टिकते. अन्याय पाहून जो गप्प राहतो, त्याचं मौन मारणाऱ्याच्याच बाजूनं साक्ष देतं!

सासूबाईंनी साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"ती पडली नाही, साहेब. ह्यानं ढकललं. मी जिन्यातच उभी होते."