काठोकाठ चहा

आमच्या गावात माणूस आजारी पडला की तो कधीच एकटा पडत नाही. सारं गाव, सारं कुळ, डोंगरापलीकडचे सोयरेसुद्धा त्याच्यासाठी धावून येतात.

माझे बाबा जिल्ह्याच्या दवाखान्यात तीन आठवडे एकटे पडून होते. कारण त्यांच्यासाठी धावून आलेल्यांना चहा पाजायला आम्ही घरी अडकलो होतो.

धावून येणारे दवाखान्यात जात नसत. तिथे बसायला जागा नाही, वास येतो, आणि मुख्य म्हणजे कुणी जेवू घालत नाही. ते आमच्या घरी येत. हातात रुमालात बांधलेल्या रोट्या, चेहऱ्यावर बाबांच्या पोटातली गाठ आपल्यालाच झाल्याचा भाव. मग अपा, म्हणजे माझी आई, पीठ मळायला घ्यायची आणि मी कढई चढवायचे. बाबांच्या आजाराने गोठ्यातल्या मेंढ्या भराभर कमी होत होत्या.

मॉस्कोत टॅक्सी चालवणारा माझा भाऊ रोज फोन करायचा.

"बुरुल, लोकांचं नीट कर हं. कुणी उपाशी गेलं तर बाबांचं नाव जाईल."

"बाबांचं नाव ठणठणीत आहे रे. बाबांना बघायला कधी येतोस?"

नेमका तेव्हाच त्याचा आवाज तुटायला लागायचा.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. बुधवारी बाबांनी स्वतः फोन केला. कधी काही मागत नाहीत ते.

"उद्या ये आणि माझी दाढी करून दे. सुयांनी हात सुजलाय, वस्तरा धरवत नाही. इथला न्हावी मेंढ्या कातरल्यासारखी करतो."

"दाढीचं काय एवढं, बाबा?"

"उद्या-परवा मला शेवटचं न्हाऊ घालायची वेळ आली, तर न्हाऊ घालणाऱ्यांना मी माणसासारखा दिसलो पाहिजे."

येते, मी म्हणाले. गुरुवारी वस्तरा, साबण, टॉवेल पिशवीत भरून दाराशी ठेवले. शहराकडची शेवटची व्हॅन दुपारी चारला सुटते. मी कोट चढवत होते आणि अंगणात गाडी शिरली. असनकुल अके, बाबांचे थोरले भाऊ. सोबत त्यांची बायको तुर्सुन जेंगे, आणि मागच्या सीटवर जेंगेच्या दोन बहिणी, ज्यांनी बाबांना आयुष्यात एकदा पाहिलं असेल.

मी कोट काढला. चहा घरातल्या धाकट्या बाईनेच ओतायचा, आणि दुसरी धाकटी बाई घरात नाही. भावाची बायकोही मॉस्कोतच.

"माझा भाऊ वाघ आहे!" असनकुल अके उशीला टेकत म्हणाले. "त्याला काही होत नाही. आता आमच्या रस्ते खात्यातला जुमाश. त्याचंही पोटाचंच. उघडलं, बघितलं आणि तसंच शिवलं. संपला!"

"पण बाई, त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला घोडा काय कापला होता!" जेंगे म्हणाली. "चरबी ही एवढी!"

अपाने ओढणीचा पदर तोंडावर धरला.

"अके, तुम्ही दवाखान्यात जाऊन आलात?" मी विचारलं.

"बसायचं कुठे तिथे? आणि त्याला आराम नको का?"

वाडगे रिकामे होत होते, मी घोट घोट ओतत होते. आमच्याकडे मान असलेल्या पाहुण्याला वाडग्याच्या तळाशी ओततात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो आणि आपण पुन्हा पुन्हा ओततो. थोरल्याने हात उचलून आशीर्वाद दिल्याशिवाय कुणी उठायचं नाही. असनकुल अकेंचे हात तर सारखे लोण्याकडे. घड्याळ साडेतीनच्या पुढे सरकलं. अके आता जुमाशच्या मेव्हण्याच्या मूतखड्यावर आले होते.

मी त्यांचा वाडगा घेतला आणि भरला. अर्ध्यावर थांबले नाही. काठापर्यंत, चहा थरथरेपर्यंत भरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला.

मूतखडा थांबला. काठोकाठ वाडग्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो: प्या आणि चालू लागा.

"काय गं?" जेंगे म्हणाली. "चहा ओततेस का घोड्याला पाणी पाजतेस?"

"जाणाऱ्याला तहान लागू नये म्हणून, जेंगे."

"शाळेत हेच शिकवतेस का पोरांना? नवऱ्याने उगाच नाही परत पाठवली!"

वाटलं, आता अपा माझ्या पाठीत घालणार. तिने माझ्या हातातून किटली घेतली. जेंगेचा वाडगा भरला. मग दोघी बहिणींचे. एक थेंब सांडला नाही.

असनकुल अकेंनी तोंडावरून हात फिरवला, आशीर्वाद पुटपुटल्यासारखं केलं आणि उठले. चहाला कुणी हात लावला नाही.

एवढं करून व्हॅन गेलीच होती. शहराकडे जाणारी एकच गाडी होती, अकेंची. मी पिशवी घेऊन मागच्या सीटवर दोन बहिणींच्या मध्ये बसले. वाटभर जेंगे माझ्या वळणाचे वाभाडे काढत होती. दवाखान्याच्या फाटकाशी अकेंनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांकडे बघत राहिले.

"वर चला, अके."

"नको. त्याला सांग, मी आलो होतो."

"कुठे? फाटकापर्यंत?"

"आलो होतो एवढंच सांग."

बाबा उशीला टेकून वाट बघत होते. गालाची हाडं वर आली होती, वस्तरा जपून चालवावा लागला.

"असनकुल आला होता?"

"आला होता."

"चहा नीट दिलास ना?"

"काठोकाठ."

बाबांनी डोळे उघडले. साबणाखाली त्यांचे ओठ हलले. हसले, की साबण तोंडात गेला, कळलं नाही.

मी टॉवेलने त्यांचा चेहरा पुसत होते तेव्हा नर्स आली. उद्याचं ऑपरेशन नाही, म्हणाली. भूल देणारे डॉक्टर रजेवर गेले. त्यांचे सासरे आजारी आहेत आणि घरी खूप पाहुणे आलेत. आता मंगळवारी.

मंगळवारपर्यंत दाढी पुन्हा वाढली.