गप्प बसायचा हक्क

अलीच्या डोक्यात विलायतेचा कायदा भरवला तो पिकरिंग साहेबाने. अली म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, साबिराचा नवरा. सौदीत खमीस मुशैतला एका गोदामाच्या गेटवर रखवालदार होता. साहेब तिथला सिक्युरिटी मॅनेजर, आधी इंग्लंडात पोलिसात होता. चहा पिता पिता तो अलीला गोष्टी सांगायचा. पूर्वी तिकडे मेंढी चोरली तरी फाशी व्हायची, मारून मुटकून गुन्हा कबूल करून घ्यायचे, मग लोक शहाणे झाले आणि पोलिसापुढे गप्प बसायचा हक्क त्यांनी मिळवला. शुक्रवारी माझ्या दुकानात येऊन अली ते सगळं मला ऐकवायचा. मी म्हणायचो, "बाबा, तू दापोलीचा, मुलूख हा सौदीचा, तुला इंग्लंडचं काय पडलंय?" हसायचा येडा.

मग सौदीकरण आलं. रखवालदार इथलाच हवा, मॅनेजरही इथलाच. दोघांनाही नोटीस मिळाली. त्याच आठवड्यात गोदामातून तांब्याच्या केबलचा ट्रक गेला. साहेबानेच गेटवर येऊन अलीला सांगितलं होतं, उघड, माल दुसऱ्या साइटवर चाललाय. अलीने उघडलं. माल कुठेच पोचला नाही. नोकरी गेली म्हणून रखवालदार चोरांना मिळाला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि पोलिसांनी त्याला उचललं.

साहेब कोठडीत भेटायला आला. म्हणाला, "एक शब्द बोलू नकोस. सिद्ध त्यांना करू दे. बाहेरचं मी बघतो." झालं, अलीने तोंडाला कुलूप घातलं. मी कानीकपाळी ओरडलो, गेट कुणी उघडायला लावलं एवढं तरी सांग त्यांना. तर मलाच समजावतो, "हनीफभाय, साहेबांना कायदा कळतो." तिकडे दापोलीत साबिरा फोनवर रडतेय, पोटात पाचवा महिना. साहेबाचा गळा धरावा असं वाटत होतं, पण तो माझा फोनही उचलेना.

शेवटी मीच ठाण्यात गेलो आणि सगळं सांगितलं. अधिकारी तरुण होता, माणूस वाईट नव्हता. त्याने विचारलं, "तू होतास का गेटवर?" मी नव्हतो. मग म्हणाला, "तो साहेब गुरुवारीच देश सोडून गेला. अली पहिल्या दिवशी बोलला असता तर मी साहेबाला विमानतळावरच अडवला असता, एका फोनचं काम होतं. आता न्यायाधीश काय म्हणेल? निर्दोष होता तर इतके दिवस गप्प का बसला?"

तसाच अलीला भेटायला गेलो. जाळीपलीकडून त्याने आधी साबिराची तब्येत विचारली. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "तुझा साहेब गेला. कायमचा. तुला इथे टाकून."

मला वाटलं, आता अली शिव्या घालेल, रडेल. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं.

"मग हनीफभाय," तो म्हणाला, "आता बोलू का?"