खाणीच्या उतारावरचा वाकडा सेजब्रश

मित्रांनो, मी एक जुना सेजब्रश आहे. राखाडी पानांचं, कडवट वासाचं झुडूप. तुमच्या दवण्याचा लांबचा चुलता म्हणा ना. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या ज्या उतारावर मी उभा आहे, तिथे पूर्वी कोळशाची खाण होती.

कोळसा संपल्यावर खाणवाल्यांनी खड्डा बुजवला, वर माती पसरली आणि खालच्या सपाटीवर दाट गवत पेरलं. छान हिरवं दिसायचं! पण थंडीत ते बर्फाखाली गाडलं जाई आणि रानहरणं आली तशी उपाशी परत जात.

जमीन एल्डन म्हाताऱ्याची. त्याची सून जोलीन हिने हट्टच धरला, की या उतारावर तरी गवत विरळ पेरायचं आणि मधल्या पट्ट्यांत सेजब्रश. बर्फ पडू लागल्यावर तिने आमचं धुळीसारखं बी नुसतं वरून भुरभुरवलं. खोल गाडलं असतं, तर आम्ही उगवलोच नसतो.

"पोरी, गाईंना चारा हवा म्हणून जन्मभर मी हे उपटलं," एल्डन हसला, "आणि तू पेरतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे, बाबा. थंडीत हरणांना खायला काय घालायचं मग? तुमची टोपी?"

मी वीतभर वाढलो. एका सकाळी गप्पा मारत फिरताना म्हाताऱ्याचा हात सवयीने खाली गेला आणि मी मुळासकट त्याच्या मुठीत!

"बाबा!"

त्याने मुठीकडे पाहिलं. "अरे देवा! हा हात मेला ऐकतच नाही." तो गुडघ्यांवर बसला, बोटांनी माती उकरून त्याने मला परत लावलं आणि थर्मासमधली गार कॉफी माझ्यावर ओतली.

"साखर नव्हती ना त्यात?" जोलीन अजून रागातच होती.

"छे. तुझ्यासारखीच कडू."

माझी पानं गळली. पण तो रोज पाणी घेऊन येई, अंगावर आलेलं गवत बाजूला सारी. मी जगलो, जरा वाकडा. माझ्या आडोशाला बर्फ साठतं, सावकाश वितळतं. म्हणून माझ्या पायाशी गवतही जास्त दिवस हिरवं राहतं. आता गवताचं नि माझं छान जमतं.

मग एकदा फार मोठं बर्फ पडलं. सगळं पांढरं, फक्त आमचे शेंडे वर. आणि टेकडीआडून हरणं आली! एक हरिणी माझी पानं खुडू लागली. गाडीच्या काचेआडून एल्डन ओरडला, "ती खातेय ना, ते वाकडं झुडूप माझं!"

"तुम्ही उपटलेलं," जोलीन म्हणाली.

"लावलं कुणी मग?"

मित्रांनो, तुमचाही हात कधी सवयीने एखाद्या रोपाकडे जाईल. उपटलंच, तर लगेच फेकू नका. मुठीकडे एकदा बघा. मुळं ओली आहेत तोवर परत लावता येतं.