अस्कलाने न चाखलेला पुलाव

“चाख पटकन, आणि मीठ सांग!” अस्कलाने चमचा माझ्या तोंडापुढे धरला. “माझा उपास आहे, तुला ठाऊक आहे ना? उद्यापर्यंत लोणी-मांस जिभेला लावायचं नाही.”

आमचा अर्मेनियन नाताळ सहा जानेवारीला आणि अदिस अबाबातल्या लोकांचा सातला. म्हणजे आमच्या घरी मेजवानी असे, तेव्हा सगळी गल्ली उपाशी. तीन पिढ्या इथे काढूनही आम्ही परके का, ते त्या एका दिवशी बरोब्बर कळायचं. अस्कला बावीस वर्षं आमच्या नाताळचा स्वयंपाक वासावर करत आली होती. मीठ चाखायचं काम आईचं.

ती आई ऑगस्टमध्ये गेली. तेव्हापासून वडील घरी जेवत नसत. घड्याळदुरुस्तीच्या दुकानातच पाव आणि ऑलिव्ह खायचे आणि आठला येऊन झोपायचे. अस्कला रोज त्यांचं ताट मांडायची आणि रोज उचलायची.

“आज साहेब पोटभर जेवले नाहीत ना,” ती म्हणाली, “तर मी आपली गावी निघून जाईन. रिकाम्या ताटांची राखण कोण करील?”

चमच्यातून लोण्याचा आणि मनुकांचा वास आला, अगदी आईच्या हातचा. मी चमचा ओठांना टेकवल्यासारखं केलं आणि म्हटलं, “बरोबर आहे.” अकरा वर्षांची होते मी, पण खोटं मोठ्या माणसासारखं बोलले.

दुपारी वडील आले. कोट न काढताच टेबलाशी बसले. पहिला घास घेतल्यावर त्यांचा काटा क्षणभर थांबला. मग मी खाल्ला. पुलावात मिठाचा कणही नव्हता! मीठदाणी त्यांच्या हाताशी होती आणि अस्कला दारात पदर आवळून उभी होती.

“कसा झालाय, साहेब?”

“छान. अजून वाढ.”

दोन ताटं खाल्ली त्यांनी. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. अस्कला मात्र त्या दिवशी भांडी घासताना गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी तिचा नाताळ. पहाटे चर्चमधून आली ती पांढऱ्या शुभ्र शालीत. चुलीवर कोंबडीचा लालभडक रस्सा गरम करायला ठेवला, आणि उपास सोडायला आधी घेतला तो कालचा उरलेला पुलाव. बावीस वर्षांत नाताळच्या स्वयंपाकाचं तिला एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

भांडं घेऊनच ती बाहेर आली.

“साहेब! ह्यात मीठच नाही! आणि तुम्ही दोन-दोन ताटं खाल्लीत? माझी थट्टा करत होतात होय?” मग माझ्याकडे वळली. “आणि तू गं भवाने? बरोबर आहे म्हणालीस ना?”

“मी चाखलाच नाही,” मी रडत म्हणाले. “वासानंच आई आठवली.”

वडिलांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

“लग्नानंतरचा पहिला नाताळ,” ते म्हणाले, “तेव्हा हिच्या आईनं, अघावनीनं, हाच पुलाव केला होता. असाच बिनमिठाचा. तेव्हाही मी दोन ताटं खाल्ली होती. तिला वर्षभर सांगितलं नव्हतं.” मग म्हणाले, “काल वाटलं, तीच आत आहे.”

खरं होतं की अस्कलाची समजूत काढायला रचलेलं, देव जाणे. मी पुढे कधी विचारलं नाही.

अस्कला आत गेली आणि रश्श्याचं ताट घेऊन आली. ते तिने वडिलांपुढे ठेवलं नाही. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, आईच्या, ती स्वतः बसली. भाकरीत कोंबडीचा मोठा तुकडा गुंडाळला आणि आपल्या माणसाला भरवतात तसा घास त्यांच्या तोंडाशी नेला. वडील आयुष्यभर काट्याचमच्याने जेवलेले. कुणाच्या हातचा घास त्यांनी घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं. घास फार मोठा होता. तो चावून होईपर्यंत अस्कला त्यांच्याकडे बघत तशीच बसून राहिली.