चौदाव्या क्रमांकाची यमुना

"त्या नावानं कोनी हाक मारली ना पोरी, तरी ओ देऊ नको. ती गेली. आता तू दुसरी."

कृष्णाबाई काकीचा हा आवाज हेमांगीच्या कानातून कधी गेला नाही. काकी गावची धवलारीण. तिच्या गाण्यावाचून खाडीकाठी एक लग्न लागत नसे. भर मांडवात तांदळाचं ताट पुढे आलं, नवरदेव संकेतने अंगठीने तांदळात नवं नाव 'हेमांगी' असं लिहिलं आणि काकीने सूर धरला:

तांदलाचे ताटान सोन्याची रेघ,
यमुना बाय आता मागं नको बघ.

दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. यमुना हरेश्वर भोईर पाहुण्यांच्या पंक्तीत वाढली गेली, आणि भात मोकळा झालाय असं सगळे म्हणाले.

यमुनेचं मागे उरलं ते एवढंच. एम.एस्सी. करताना तिने गावच्या शेतांतलं पाणी बाटल्यांत भरून नेलं होतं, त्यात लेप्टोच्या तापाचे जंतू शोधले होते आणि एका लहानशा नियतकालिकात तीन पानांचा लेख छापून आणला होता. जागा अपुरी म्हणून संपादकाने नमुन्यांचा महिना मात्र कापून टाकला होता.

आता हेमांगी चंदनसारला राहायची आणि जेवणाच्या टेबलावर बसून डॉक्टर लोकांच्या लेखांना संदर्भ लावून द्यायची. दर नियतकालिकाचं सोवळं वेगळं. कुठे स्वल्पविराम, कुठे अर्धविराम, पहिल्या सहा लेखकांना नावानिशी पाटावर बसवायचं आणि सातव्यापासून सगळ्यांना 'आणि इतर' म्हणून अंगणात जेवायला घालायचं. काम तिला आवडायचं. कोण आधी काय बोललं हे ज्याचं त्याला द्यायचं, यात तिला काकीच्या गाण्यांची आठवण यायची. काकीही गणपतीपासून शिवेवरच्या देवापर्यंत सगळ्यांना नाव घेऊन बोलवायची, एकालाही विसरायची नाही.

डॉ. चंद्रहास देवरुखकर मात्र बोलवायचे ते स्वतःलाच. विरार पूर्वेला त्यांचा दवाखाना, एका खाजगी मेडिकल कॉलेजात शिकवणं आणि प्राध्यापक व्हायची घाई. भातशेतीतल्या मजुरांना लेप्टोची प्रतिबंधक गोळी कोणत्या महिन्यांत द्यावी, असा त्यांचा लेख. नियतकालिकाने संदर्भांना तीस जागा दिल्या होत्या, त्यातल्या अकरांवर डॉक्टर आधीच रुमाल टाकून बसले होते. 'भाताच्या खाचरात पाणी साचते' या वाक्यालाही त्यांनी आपले तीन लेख जोडले होते.

"लग्नात नवरी उखान्यात नवऱ्याचं नाव घेते," दवाखान्यात नंबर लावणारी सालोमी म्हणायची, "आमचे डॉक्टर उखान्यात आपलंच घेतात. लाजतपन नाहीत."

हेमांगीने फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा चौदाव्या क्रमांकावर 'भोईर वाय. एच.' दिसलं. भर बाजारात माहेरच्या कोणी हाक मारावी तसं झालं तिला. पण तिने ओ दिली नाही.

देणारही होती. त्याच आठवड्यात दवाखान्यात ती तोंड उघडणार, तोच डॉक्टरांनी त्या नावावर पेन आपटलं. "ही यमुना भोईर ना? माझी स्टुडंट. रडत आली होती. मी उभी केली तिला."

हेमांगीने या माणसाला त्याआधी जन्मात पाहिलं नव्हतं. "असं का, सर?" एवढंच ती म्हणाली. एकदा असं म्हटल्यावर मग पुढे म्हणायचं काय? मीच ती म्हणावं तर सरांचा मुखवटा गळणार, आणि चिडून त्यांनी चौदावा संदर्भ उडवला तर यमुना दुसऱ्यांदा संपणार. तिने फाइल मिटली.

गप्प राहण्याला फळंही लागायची. दर भेटीत यमुना वाढत गेली. ती गणितात कच्ची होती, पण सरांनी सांभाळून घेतलं. मग ती कॅनडाला गेली. दिवाळीला न चुकता मेसेज करायची.

"बऱ्या आहेत ना त्या?" हेमांगीने एकदा विचारलं.

"आहे बरी. वजन जरा वाढलंय."

हेमांगीने पदर नीट केला आणि पुढचा स्वल्पविराम लावला.

एकदा सरांना आपला बारावा लेख घुसवायचा होता. "चौदा काढा. तिला मी सांगतो समजावून, ऐकते माझं."

"सर, अख्खा निष्कर्ष तिच्यावर उभा आहे. काढलं तर खाली बसेल."

"मग राहू दे बिचारीला."

बिचारी राहिली. पण लेख तपासणाऱ्यांनी नेमकी तिथेच बोटं घातली: चौदाव्या संदर्भातलं पाणी कोणत्या महिन्यातलं? लेखात दिसत नाही, मूळ लेखिकेला विचारून कळवा.

डॉक्टरांनी त्या दुपारी हेमांगीला बोलावून घेतलं. सालोमीने चहा आणून ठेवला आणि दारातच रेंगाळली.

"मी बोललो यमुनाशी," डॉक्टर म्हणाले. "काल फोनवर. जुलैचे नमुने आहेत. आपल्याला तेच हवंय, गोळ्या जून ते ऑगस्ट. 'व्यक्तिगत संभाषण' म्हणून टाका."

"त्याला त्यांचं सहीचं पत्र लागतं, सर. नियम आहे."

"टाइप केलंय." त्यांनी कागद पुढे सरकवला. "सही तुम्ही करा. बाईचं अक्षर हवं, माझं मेलं डॉक्टरी. कोण बघायला जातंय कॅनडात?"

हेमांगीने कागद वाचला. यमुना भोईर आपल्या आदरणीय गुरुजींना कळवत होती, की पाणी जुलैतलं होतं.

जुलैतलं नव्हतं. कापणीतलं होतं. खाचरं वरून सुकली होती आणि बांधाच्या कडेला घोटाभर गढूळ पाणी राहिलं होतं, तेव्हा तिने बाटल्या भरल्या होत्या. कारण हरेश्वर भोईरांना ताप कापणीतच भरला होता, पाऊस गेला म्हणून सगळे निर्धास्त असताना. ते परत शेतात उतरले नाहीत. जुलै छापला तर ऑगस्ट संपताच गोळ्या बंद होणार आणि विळे घेऊन माणसं अनवाणी त्याच पाण्यात उभी राहणार. वर पुरावा म्हणून त्यांच्याच लेकीची सही.

तिने पेन उचललं. काकीचा आवाज आला, ओ देऊ नको, ती गेली. काकीचं म्हणणं तिने एवढी वर्षं मोडलं नव्हतं.

"करा की," डॉक्टर म्हणाले. हेमांगी अडखळली ती नावाला, असं त्यांना वाटलं. म्हणून पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करत त्यांनी सांगितलं, "य-मु-ना. यमुना भोईर."

"ओ," हेमांगी म्हणाली.

"ओ काय?"

"हाक मारलीत ना. मीच ती." तिने पेनाने पत्रातला जुलै खोडला. "मांडवात नाव बदललं, म्हणून तुम्ही ओळखलं नसणार. पाणी मी कापणीला भरलं होतं सर, बाबा गेले त्या शेतातलं. कॅनडा मी बघितलेला नाही. तुमच्याकडे शिकलेही नाही. काल आपलं काही बोलणं झालं नव्हतं, ते आत्ता होतंय, पहिल्यांदाच."

दारात सालोमीच्या हातातला ट्रे वाजला.

"कापणी लिहा," यमुना म्हणाली. "त्याच्याखाली करते सही."