हनुवटीवरचं गोंदण

लक्ष्मीबाई नगरातल्या लेकीच्या सरकारी क्वार्टरमध्ये न्हाणीघराला सकाळपासून आतून कडी होती. आत हिंमतराव, लाल दिवा आणि निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवायचा त्यांचा जुना एनलार्जर. फौजेत असताना त्यांनी ढिगानं फोटो धुतले होते. आज मात्र एक फोटो काही केल्या वठत नव्हता.

फोटो त्यांच्या आईचा. सुट्टीवर घरी गेले तेव्हा त्यांनीच काढलेला, तिचा एवढा एकच. आई गेली, निगेटिव्ह डब्यात राहिली. परवा लेकीनं, अर्पितानं, ती कुठल्याशा ॲपमधून काढून मोबाइल पुढे धरला.

"बाबा, बघा, एकदम क्लिअर!"

चेहरा घासलेल्या पितळेसारखा लखलखीत. हिंमतरावांचा मात्र उतरला.

"गोंदण कुठंय? हनुवटीवरचे तीन ठिपके?"

"अच्छा, ते... डाग समजून पुसले असतील त्यानं."

"डाग? मग ही बाई कोण? आपल्या घरातली नाही ही."

आणि माळ्यावरचा एनलार्जर खाली आला.

पहिला कागद डेव्हलपरमध्ये उमटला तो धुरकट. एक्झॉस्ट पंख्यानं एनलार्जरखालचं स्टूल थरथरत असणार, म्हणून त्यांनी पंखा बंद केला. घामाच्या धारा लागल्या, दुसराही तसाच. दिव्याच्या उष्णतेनं फिल्म फुगते, म्हणून ती दोन काचांत दाबली. तरी तेच. कागद संपत आले आणि डोकं तापत चाललं.

दारावर थाप पडली. बायको, प्रभावतीबाई.

"अहो, आंघोळी व्हायच्यात सगळ्यांच्या!"

"दार ढकलू नकोस! उजेड येईल."

"येऊ दे की. सकाळपासून तुम्ही कुठला पाडलाय?"

हिंमतरावांनी दात खाल्ले. एनलार्जरखाली पडलेली प्रतिमा भिंग लावून पाहिली. फिल्मचे दाणे रव्यासारखे सुटे सुटे दिसत होते. म्हणजे एनलार्जर चोख होता. मग घोडं पेंड खातंय कुठं?

शेवटचा कागद फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या पाण्यातून काढून, धुऊन ते बाहेर आले आणि खिडकीशी धरला. मागच्या भिंतीवर सारवणाची बोटं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. कडी-कोयंडा स्पष्ट, लुगड्याचा काठ स्पष्ट. फक्त चेहरा फिसकटलेला, आणि हनुवटीवर तीन ठिपक्यांच्या जागी तीन फराटे.

"सगळं जागच्या जागी आहे, एवढं तोंड सोडून!" ते कडाडले.

प्रभावतीबाईंनी पदरानं चष्मा पुसून पाहिलं.

"बोलतायत त्या."

"काय?"

"सासूबाई हो. कधी गप्प बसल्या होत्या का? तव्यावरची भाकरी करपतेय म्हणत असतील." आणि टॉवेल उचलून त्या न्हाणीघरात शिरल्यासुद्धा.

हिंमतरावांनी ओला कागद दोरीवर चिमट्यानं अडकवला. फराटे आता डोळ्यांसमोर आले.

"शंभरदा सांगितलं होतं," ते कागदावर खेकसले, "हलू नकोस म्हणून!"